जिगसॉने पत्रा कापायचाय? पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

शेतातल्या मोटरीच्या स्टार्टर पेटीवर डिजिटल मीटर बसवायचाय. मीटर ९६ बाय ९६ मिलिमीटरचा, आणि सोबतच्या कागदावर लिहिलंय की त्यासाठी दाराला ९२ बाय ९२ चं चौकोनी भोक लागेल. दार सोळा गेजच्या लोखंडी पत्र्याचं, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर जाड. ग्राइंडरने कापायला गेलात तर गोल चकती कोपऱ्याच्या पुढे निघून जाते आणि ठिणग्यांनी आजूबाजूचा रंग जळतो. हॅक्सॉ पत्र्याच्या मधोमध शिरत नाही. छिन्नी-हातोडीने भोक पडतं, पण दाराला पोचे येतात. हे काम जिगसॉचं, म्हणजे उभं पातं वरखाली करून कापणाऱ्या हातातल्या विजेच्या करवतीचं.

याच चौकोनाला धरून सगळी पद्धत सांगतो. काम छोटं आहे, पण नवख्या माणसाला लागणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी त्यात येतात. लाकडावर जिगसॉ चालवायची सवय असेल तर त्यातल्या काही सवयी इथे सोडाव्या लागतील.

या यंत्राचा जन्म शिलाई मशीनमधून झाला. १९४६ साली स्वित्झर्लंडच्या सिंटिला कंपनीतले आल्बर्ट कौफमान यांनी बायकोच्या शिलाई मशीनमध्ये सुई काढून तिथे करवतीचं पातं बसवलं, असं सांगतात. मला ही गोष्ट शिकवताना फार उपयोगी पडते. शिलाई मशीनमध्ये सुईशेजारी कापड दाबून धरणारा छोटा पाय असतो. तो उचलून शिवून बघा, कापड सुईबरोबर वर उडतं आणि टाका बसत नाही. जिगसॉचंही तसंच आहे. ब्लेडचे दात वरच्या दिशेला असतात, ते वर येताना कापतात आणि पत्र्यालाही वर ओढतात. पत्रा वरून मशीनच्या तळपट्टीने (मशीन जिच्यावर टेकतं ती सपाट पट्टी) आणि खालून पक्क्या आधाराने दाबलेला नसेल तर तो ब्लेडबरोबर वरखाली नाचतो. नवशिक्याचं ब्लेड तुटतं, रेघ वाकडी जाते, हाताला झिणझिण्या येतात, त्यातलं बहुतेक सगळं या नाचण्यामुळे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये मी हे काम शिकलो. तिथले मिस्त्री, सगळे त्यांना मामा म्हणायचे, माझ्याकडे पाठ करून वेल्डिंग करत असायचे, तरी माझं काय चुकतंय ते त्यांना कळायचं. "पत्रा वरडाय लागला की मशीन थांबीव, पोरा," एवढंच म्हणायचे. बरोबर धरलेला पत्रा एकसारखा घर्र आवाज करतो. खडखड किंवा किंचाळल्यासारखा आवाज आला की काहीतरी सुटलंय. आजही मी डोळ्यांइतकाच कानांवर भरवसा ठेवतो.

दार आधी उतरवा

पेटी जागेवर असताना भोक पाडू नका. स्टार्टरला तीन फेजचा ४१५ व्होल्टचा सप्लाय असतो. मेन स्विच बंद करा, टेस्टरने खात्री करा, जमत नसेल तर वायरमनला बोलवा, आणि बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार वेगळं करा. दारावर पुश बटणं किंवा इंडिकेटरच्या वायरी असतील तर सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुसरं कारण लोखंडाच्या किसाचं. कापताना निघणारा बारीक कीस कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा स्विच) टर्मिनलवर पडला की तिथे शॉर्ट व्हायला वेळ लागत नाही, आणि तो महिनाभरानेही होऊ शकतो. दार पेटीपासून चार हात लांब नेऊनच कापा.

ब्लेड निवडणं

दुकानात "जिगसॉचं ब्लेड द्या" म्हटलं तर बहुतेक वेळा लाकडाचं मिळतं. त्याचे मोठे दात पत्र्यात अडकतात आणि पहिल्या दहा सेकंदांत तुटतात. "लोखंडाचं, बारीक दाताचं" असं स्पष्ट मागा. आधी आपल्या मशीनला कुठल्या बुडाचं ब्लेड बसतं ते बघा. आजच्या बहुतेक मशीनना टी आकाराच्या बुडाचं लागतं, काही जुन्या मशीनना यू आकाराचं. जुनं ब्लेड खिशात घालून नेलं की प्रश्न मिटतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, अशा हत्यारांच्या बाजारात सुटी ब्लेडंही मिळतात. पण सुरुवातीला एकाच मापाचं पाच ब्लेडांचं पाकीट घ्या. एखादं तुटणार हे धरूनच चाला.

दातांचा हिशोब सोपा आहे. पत्र्याच्या जाडीत एका वेळी निदान दोन दात बसले पाहिजेत. एकच दात असेल तर तो पत्र्याच्या कडेला अडकून झटका देतो. ब्लेडवर "इंचाला २१ दात" असं असेल तर २५.४ भागिले २१, म्हणजे दोन दातांत १.२ मिलिमीटरचं अंतर. तीन मिलिमीटरच्या पत्र्यात असे अडीच दात बसतात, काम छान होतं. आपल्या १.६ च्या दारात मात्र जेमतेम सव्वा दात. टी-११८-ए हे याच मापाचं ब्लेड, पाकिटावर १ ते ३ मिलिमीटर असं लिहिलेलं असतं, आणि ते खोटं नाही. फक्त पातळ बाजूला ते चालवायचं तर खाली प्लायवुडचा आधार हवाच. त्याहून बारीक, इंचाला ३६ दातांचं टी-११८-जी, ०.५ ते १.५ मिलिमीटरसाठी असतं. ते बावीस-वीस गेजच्या पत्र्याला उत्तम, पण हळू कापतं आणि दातांत कीस लवकर भरतो. जाड पट्टीला, अडीच ते सहा मिलिमीटरला, टी-११८-बी. आपल्या दारासाठी मी टी-११८-ए आणि खाली सहा मिलिमीटरचं प्लायवुड घेईन.

गेजचा गोंधळ होत असेल तर एवढं लक्षात ठेवा: आकडा वाढला की पत्रा पातळ. चौदा गेज साधारण २ मिलिमीटर, सोळा १.६, अठरा १.२, वीस ०.९, बावीस ०.७.

ब्लेड दोन जातीचं मिळतं. नुसतं हाय स्पीड स्टीलचं दाताला कडक पण ठिसूळ असतं, वाकलं की मोडतं. बायमेटलचं म्हणजे दात कडक स्टीलचे आणि पाठ लवचीक स्टीलची. महाग पडतं, पण नवख्या हाताला तेच द्यावं असं माझं ठाम मत आहे, कारण नवखा हात ब्लेड वाकवतोच.

आखणी

रंगवलेल्या दारावर पेन्सिल दिसत नाही. जिथे कापायचं तिथे रुंद मास्किंग टेप लावा. टेपवर रेघ स्वच्छ दिसते आणि मशीनच्या तळपट्टीचे ओरखडेही रंगावर उठत नाहीत. गुण्या लावून ९२ बाय ९२ चा चौकोन काढा, मग दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही १३० मिलिमीटर भरले तर चौकोन खरा. मीटरची चौकट ९६ ची, भोक ९२ चं, म्हणजे प्रत्येक बाजूला झाकायला फक्त दोन मिलिमीटर मिळतात. रेघेच्या बाहेर ब्लेड गेलं तर ते दारावर कायमचं दिसणार. त्यामुळे रेघेच्या आत अर्धा-पाऊण मिलिमीटर ठेवून कापायचं आणि उरलेलं कानशीने काढायचं.

शक्य असेल तर दाराची दर्शनी बाजू खाली ठेवून मागच्या बाजूने आखा आणि कापा. ब्लेड वर येताना कापतं, त्यामुळे बर (कापलेल्या कडेवर उठणारे बारीक धारदार काटे) जास्त वरच्या बाजूला उठतो. शिवाय मशीन मागच्या बाजूवर घासतं. फक्त खालच्या प्लायवुडवर आधीच्या कामाचा कीस पडलेला नसावा, नाहीतर दर्शनी बाजूच खरवडून निघेल. बऱ्याच पेट्यांच्या दाराला आतून दुमडलेली कड असते, तिच्यामुळे तळपट्टी अडत असेल तर नाइलाजाने पुढून कापावं लागतं. तेव्हा टेप दुहेरी लावा.

पत्रा धरणं

या पायरीला कापण्यापेक्षा जास्त वेळ द्या. मी पंधरा मिनिटं बांधाबांध करतो आणि पाच मिनिटं कापतो.

दाराखाली सहा मिलिमीटरचं प्लायवुड ठेवा, दाराच्या मापाचं किंवा मोठं. दाराची दुमडलेली कड खाली येत असेल तर प्लायवुड त्या कडांच्या आत बसेल असं कापून घ्या आणि पत्रा त्यावर सगळीकडे टेकेल इतके थर लावा. मधे पोकळी राहिली की तिथेच पत्रा नाचणार. हे सगळं टेबलाच्या कडेवर असं ठेवा की चौकोनाखाली ब्लेडला मोकळी जागा मिळेल. खाली दोन चौकोनी लाकडं ठेवून त्यांच्यामध्ये चौकोन आणला तरी चालेल. मग सी क्लॅम्प लावा, चार बाजूंना चार, चौकोनाच्या जितके जवळ लावता येतील तितके, पण मशीनची तळपट्टी फिरायला जागा सोडून. दारावर क्लॅम्पच्या जबड्याखाली पुठ्ठा किंवा लाकडाचा तुकडा ठेवा.

आता बोटांच्या टोकांनी चौकोनाच्या मधोमध टकटक करा. पोकळ, डबा वाजवल्यासारखा आवाज आला तर पत्रा अजून सुटा आहे. प्लायवुडवर टकटक केल्यासारखा बसका आवाज आला की बांधणी झाली. ब्लेड पत्र्याबरोबर प्लायवुडही कापणार आहे, ते कापू द्या. लाकूड पत्र्याला खालून घट्ट धरून ठेवतं म्हणूनच सव्वा दातावर काम निभावतं.

पत्रा फार पातळ असेल, अर्धा-पाऊण मिलिमीटर, तर वरूनही तीन-चार मिलिमीटरचं प्लाय ठेवा आणि पत्रा सँडविचसारखा मधे घ्या. आखणी मग वरच्या प्लायवर करायची.

कोपऱ्यातली भोकं

जिगसॉचं ब्लेड सात-आठ मिलिमीटर रुंद असतं, ते आत शिरायला १० मिलिमीटरचं भोक लागतं. लाकडात काही जण मशीन तिरकं धरून ब्लेड खुपसतात. धातूत ते कधीही करू नका, ब्लेड उसळून तोंडाकडे येतं.

चारही कोपऱ्यांत भोकं पाडा म्हणजे प्रत्येक कोपऱ्यावर ब्लेडला वळायला जागा मिळते. भोकाचं केंद्र दोन्ही रेघांपासून सहा मिलिमीटर आत घ्या. दहाच्या ड्रिलची त्रिज्या पाच, म्हणजे रेघेपर्यंत एक मिलिमीटर शिल्लक राहतो. सेंटर पंचने (टोकदार ठोकणीने) खूण ठोका, आधी ४ मिलिमीटरचं ड्रिल मारा, मग १० चं. मोठं ड्रिल पत्र्यातून पार होताना अडकून पत्रा गरकन फिरवू शकतं, आपला पत्रा क्लॅम्पने बांधलेला आहे म्हणून धोका कमी, तरी शेवटी दाब सोडा. भोकाच्या कडेचा बर लगेच काढा, नाहीतर तळपट्टी त्यावर अडखळते.

अंगावर काय असावं

बाजूंनी बंद असलेला सेफ्टी चष्मा. नंबरचा चष्मा पुरत नाही, कीस बाजूने येतो. कानात प्लग. सैल बाही, ओढणी, पदर, गळ्यातली साखळी, बांगड्या, काही लोंबतं नको. पत्रा उचलताना चामड्याचे हातमोजे घाला, पण मशीन चालवताना सैल सुती मोजे नकोत. मशीनची वायर खांद्यावरून मागे टाका म्हणजे ती ब्लेडच्या वाटेत येत नाही. ज्या प्लगवर मशीन लावाल त्या लाइनला आरसीसीबी (वीज गळली की लगेच सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर फार चांगलं.

कापणं

मशीनच्या बाजूला ०, १, २, ३ अशा खुणांचा खटका असतो. त्याने ब्लेड वरखाली होताना पुढेमागेही झुलतं. लाकडाला तो झोका उपयोगी, धातूला तो ० वर ठेवा. लाकडावरून धातूवर येणारे लोक नेमकं हेच विसरतात आणि दात गमावतात. वेगाचं चाक १ ते ६ असेल तर लोखंडाला २ किंवा ३. जोरात फिरवलं की काम लवकर होईल असं वाटतं, प्रत्यक्षात दात तापतात, निळे पडतात आणि मग नुसते घासत राहतात. मशीनला फुंकर मारायची सोय असेल तर बंद करा, नाहीतर ती तेल आणि कीस उडवत राहते.

ब्लेड बसवण्याआधी प्लग काढा. ब्लेडच्या पाठीमागे छोटं खाचेचं चाक असतं, पाठ त्या खाचेत नीट टेकली पाहिजे. ब्लेड हाताने ओढून बघा.

आता ब्लेड भोकात सोडा, दात कशालाही टेकलेले नकोत. तळपट्टी पूर्ण सपाट पत्र्यावर बसवा. मशीन आधी सुरू करा, वेग आला की मगच पुढे सरका. एका हाताने मूठ, दुसऱ्याने मशीनचं डोकं खाली दाबून धरा. ढकलण्यापेक्षा दाबण्याला जास्त जोर. पुढे ढकलायला फार कमी बळ लागतं, ब्लेड आपल्या गतीने खात जातं. रेघेकडे बघताना नजर ब्लेडच्या थोडी पुढे ठेवा, ब्लेडवर खिळवली की हात वळवळतो.

सुरू करण्याआधी रेघेवर कटिंग ऑइलची बारीक धार सोडा, नसेल तर मशीनचं साधं तेल चालेल. काही थेंबच, ओतू नका, हातात विजेचं यंत्र आहे. एक बाजू कापून झाली की थांबा, ब्लेड पूर्ण थांबल्यावरच बाहेर काढा, ब्रशने कीस झटका, पुन्हा तेल सोडा, पुढची बाजू घ्या. चौथ्या बाजूला पोचलात की मधला तुकडा सुटायला लागतो आणि थरथरतो. शेवटच्या दोन-तीन सेंटिमीटरला आधी कापलेल्या फटीवर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या आडव्या चिकटवा, तुकडा खाली पडताना ब्लेड पिरगाळणार नाही.

रेघ भरकटली तर मशीन वाकडं करून ओढू नका. थांबा, थोडं मागे या, रेघेच्या आतल्या बाजूने नवी वाट धरा. ब्लेड नुकतंच थांबलेलं असताना त्याला बोट लावू नका, चांगलाच चटका बसतो.

लांब सरळ कापायचं असेल तर तळपट्टीच्या कडेपासून ब्लेडपर्यंतचं अंतर मोजा, तेवढ्या अंतरावर अँगलचा सरळ तुकडा क्लॅम्प करा आणि मशीन त्याला लावून न्या. मीटरच्या भोकाला मी हे करत नाही, ९२ मिलिमीटर हाताने नीट जातं.

कानस

मोठ्या चपट्या कानशीने चारही बाजू रेघेपर्यंत आणा. दर आठ-दहा हातांनंतर मीटर घालून बघा. कोपरे दहाच्या ड्रिलमुळे गोल राहिलेले असतात, ते चौकोनी किंवा तिकोनी कानशीने आत खोदून काटकोनात आणा. मीटर अडतो तो जवळपास नेहमी कोपऱ्यातच. शेवटी दोन्ही बाजूंची कड ४५ अंशात हलकेच घासून बर काढा. बोट फिरवून तपासू नका, जुन्या सुती फडक्याचा तुकडा फिरवा. धागा अडकला तिथे बर आहे.

दुसरे धातू

अॅल्युमिनियम मऊ आहे म्हणून सोपं वाटतं, पण ते चिकट असतं. त्याचा कीस दातांच्या फटीत चिकटतो आणि ब्लेड गुळगुळीत पट्टी होऊन बसतं. तीन मिलिमीटरच्या वर मोठ्या दाताचं, इंचाला ८ दातांचं ब्लेड घ्या, वेग लोखंडापेक्षा थोडा जास्त ठेवा आणि ब्लेडवर मेणबत्ती घासा. साधं मेण इथे खरंच उत्तम काम करतं.

स्टेनलेस स्टील सगळ्यांत हट्टी. ब्लेड एकाच जागी घासत राहिलं की तिथला धातू आणखी कडक होतो आणि मग काही केल्या कापला जात नाही. वेग सगळ्यात कमी, तेल भरपूर, दाब एकसारखा, मधेच रेंगाळायचं नाही. बायमेटल किंवा कार्बाइडचं ब्लेडच वापरा. पहिलं काम स्टेनलेसवर करू नका.

रंगीत छपराचा नागमोडी पत्रा जिगसॉने कापता येतो, पण कीस त्यावर पडू देऊ नका, लगेच झाडून काढा. एका पावसात तो गंजतो आणि पत्र्यावर तांबूस ठिपके उठतात. कोकणातल्या खारट हवेत तर कापलेल्या कडेलाही त्याच दिवशी प्रायमर लावा.

दोन गोष्टींना हात लावू नका. पेट्रोल, डिझेल, थिनर किंवा ऑइल भरलेलं पिंप, ते कितीही रिकामं आणि कोरडं दिसलं तरी. आत राहिलेल्या वाफेचा स्फोट होतो, माणसं गेली आहेत. आणि जुने सिमेंटचे पत्रे, ज्यांत अॅस्बेस्टॉस असतं. त्याची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही.

ब्लेडचं आयुष्य

पातळ पत्रा कापताना ब्लेडच्या वरच्याच दोन सेंटिमीटरचे दात झिजतात, खालचे कोरे राहतात. तळपट्टीखाली १२ मिलिमीटर प्लायवुडचा तुकडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने लावा, ब्लेड फिरायला मधे खाच ठेवा. मशीन तेवढं उंच होतं आणि खालचे नवे दात कामाला येतात. ब्लेड वर गेल्यावरही पत्र्याच्या खाली थोडं उरतंय ना, ते आधी बघा.

आता आपलं दार. कापलेल्या चारही कडांना रेड ऑक्साइड प्रायमर लावा, वाळू द्या, दाराच्या रंगाचा एक हात द्या. दार आणि क्लॅम्प ब्रशने झाडा, दाराच्या दुमडीत कीस अडकलेला असतो तो चुंबकाने ओढून घ्या. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फिरवला तर पिशवी उलटी केली की सगळा कीस आत राहतो. मीटरमागे रबराची गॅस्केट दिली असेल तर ती विसरू नका, शेतात पाऊस आडवा येतो. मागचे दोन क्लिप सारखे आवळा, दार बिजागऱ्यांवर चढवा, फोटो बघून वायरी जोडा आणि मेन चालू करण्याआधी पेटीच्या तळाशी एकदा टॉर्च मारा.